घारे मास्तरांच्या तीन अळंब्या

७ ऑगस्ट १९६७, कोंडाणे
आजपासून रागवायचे नाही. निश्चय पक्का.
शाळेमागच्या वारुळावर अळंबी उगवली. बोंडासारखी, टोकदार. विज्ञानाच्या पुस्तकात असले चित्र नाही. म्हणजे नवी जात! नाव ठरले: अगॅरिकस घारेई. हेडमास्तर फिदीफिदी हसले. गाढवाला गुळाची चव काय!

८ ऑगस्ट
त्याच वारुळावर दुसरी जात. बोंडे गायब, सगळीकडे अर्धवट उघडलेल्या छत्र्या. हिला आमच्या हिचे नाव देणार होतो. ही म्हणाली, नावबिव नको, परडीभर आणा, कालवण करते. रागावलो नाही. फक्त तांब्या आपटला.

९ ऑगस्ट
तिसरी जात!! ताटाएवढी, कडा फाटलेली. हिला हेडमास्तरांचे नाव. लगेच सडते.

१० ऑगस्ट
रविवारी मुंबईचे वनस्पतिशास्त्राचे प्रोफेसर लेणी बघायला येताहेत. त्यांना मुळासकट नमुना दाखवायलाच हवा. कुदळ घेतली. शेजारची सोनुबाई बोंबलत आली. वारूळ फोडू नको रं मास्तरा, दरसाली हितंच येते, समदा गाव खातो, आमी उपटतो ती बी हलक्या हातानं. अडाणी! म्हटले, हे सायन्स आहे, बाजूला हो. कमरेइतके खणले. आत स्पंजासारखी घाण निघाली, ती ओढ्यात फेकली.

१३ ऑगस्ट
प्रोफेसर म्हणे, तिन्ही एकच. आधी बोंड, मग छत्री, मग ताट. एकाच अळंबीचे बालपण, तारुण्य, म्हातारपण. आणि नाव तिला केव्हाच मिळालेले आहे. वर विचारतात, आतला स्पंज कुठे? वाळवी त्याच्यावरच ही अळंबी वाढवते, तोच खरा नमुना. फेकला म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.
जळतात मेले. दुसरे काय!

२० ऑगस्ट १९६८
वर्षभर एकदाही रागावलो नाही. (शाळा आणि घर सोडून.)
वारुळाच्या जागी पाण्याने भरलेला खड्डा. अळंबी एकही नाही. गावातल्या बायका माझ्याशी बोलत नाहीत. ही रोज बटाट्याचे कालवण करते आणि समोर बसून मी खातो ते बघते.
आज एका पाहुण्याने सोनुबाईला शाळेची वाट विचारली. ती म्हणाली, सरळ जा, घारे मास्तराचा खड्डा लागंल, तिथनं डावीकडं.
भयंकर संतापलो. म्हटले, माझे नाव कशाला? वारूळ म्हणा की!
ती म्हणाली, वारूळ कुठं हाय आता? आन् ते व्हतं तवा आमी त्याला नुसती अळंबीची जागा म्हनायचो.