मात प्याद्यानंच व्हायला हवी

अण्णा, तुम्ही माझ्याशी सरळ डाव कधी मांडलाच नाहीत. शाळेतून आलात, सदरा खुंटीला लावलात, की स्वयंपाकघरातच बुद्धिबळाचा पट उघडायचा. आई अडाळ्यावर नारळ खवते आहे आणि तुम्ही मोजके मोहरे मांडून अटी घालताय: हत्तीनं मागं यायचं नाही, वजिरानं एका वेळी एकच घर चालायचं, आणि मात शेवटी प्याद्यानंच व्हायला हवी. हत्तीनं केलेली मात तुम्हाला आडदांडपणा वाटायची. मी कोडं सोडवलं तर शाबासकी नाही, पण आपल्या ताटातली बांगड्याची तुकडी तुम्ही गुपचूप माझ्या ताटात सरकवायचात. मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं व्हायचं.

बारावीला चांगले मार्क पडले त्या वर्षी मात्र पट निराळा मांडलात. मला कोल्हापूरला कॉलेजात जायचं होतं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. माझा राजा नेमका माझ्याच प्याद्याच्या वाटेत उभा केलात आणि म्हणालात, "तीन चालींनी मात, तीपण प्याद्यान. सुटला तर जा कोल्हापूराक, नाय सुटला तर हंयच रव."

आईनं हातातली नारळाची कवड खाली आपटली. "चेडवाच्या जल्माचो खेळ करतास काय?"

तुम्ही तिच्याकडे पाहिलंतसुद्धा नाही.

राजा एक घर कुठंही सरकवला तरी शह बसत होता, आणि तो हलल्याशिवाय प्यादं पुढं जात नव्हतं. भात ढवळताना, कपडे वाळत घालताना माझ्या डोक्यात तेच. प्रवेशाची मुदत संपायला आली तेव्हा रडकुंडीला येऊन मी विचारलं, "अण्णानू, ह्येका उत्तर आसा ना?"

"माज्या तोंडाकडे काय बघतस? पटाकडे बघ."

मुदत संपली. मी डी.एड. केलं, इथल्याच शाळेत लागले, इथंच लग्न झालं. तुम्ही मला पुन्हा एकही कोडं घातलं नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं, की त्याला उत्तरच नव्हतं. मुलीला तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून तुम्ही पटाआड लपलात. तुम्ही गेलात तेव्हा चारचौघींसारखी रडले, पण आतून धुमसत होते.

परवा कुणकेश्वरच्या जत्रेला गेले होते. देवळामागच्या सावलीत दोन म्हातारे डाव मांडून बसलेले. एकानं राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला. माझ्यातली मास्तरीण गप्प बसते थोडीच.

"आजोबा, राजा असो चलता काय?"

"बाय, ह्यो देशी डाव. शह बसाच्या आदी राजाक एकदा घोड्याची उडी आसा. तुका कोणी शिकवला नाय?"

नाही शिकवलं. मला तुम्ही स्पर्धेचे नियम शिकवलेत. तुम्ही स्वतः मात्र देवळात मित्रांबरोबर देशी डाव खेळायचात, आणि तिथं आम्हा मुलींना कोण बसू देणार? घरी आले, तशीच साडीही न बदलता मोहरे मांडले. तो पट माझ्या तोंडपाठ आहे. राजानं उडी मारली, प्यादं मोकळं झालं आणि मात झाली.

म्हणजे उत्तर होतं. मग तो नियम तुम्ही मुद्दाम लपवलात का? की मला तो ठाऊकच आहे असं धरून चाललात, आणि पोरगी आज सोडवील, उद्या सोडवील म्हणून वाट बघत राहिलात? मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. पोट बिघडलंय म्हणालात. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, आता मात्र ते भरलं ताट डोळ्यांसमोरून हलत नाही.

आईही राहिली नाही, आता विचारू कुणाला? आणि हे पत्र तरी कुठल्या पत्त्यावर टाकू? पण लिहितेच आहे तर खरं लिहिते. तुम्ही मला फसवलंत असंच ठरावं, असं मला वाटतं. तुमच्यावर रागावून जगायची मला सवय आहे. मी जावं असं तुम्हालाही वाटत होतं, हे मात्र, अण्णा, मला सोसायचं नाही.