झिंबाब्वे जिंकेपर्यंत

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार. दुपारी १.
एवढ्या उशिरा लिहायला घेतलं त्याबद्दल वहीची माफी मागतो. पतपेढीने ही डायरी डिसेंबरातच दिली होती. जानेवारी कोरा गेला. कारणं: गुडघा, पेन सापडेना, आणि लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. दीड वाजता बुलावायोला टेस्ट सुरू. झिंबाब्वे विरुद्ध आयर्लंड.

मूळ हकीकत लिहून ठेवतो, नाहीतर विसरायला होतं. वादळात दिवेआगरची आमची सुपारीची वाडी आडवी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी भार्गवी आणि जावई झिंबाब्वेत, बुलावायोला निघाले. जावयांना तिथे पंपाच्या कंपनीत नोकरी. मी म्हणत होतो, इथेच राहा, सुपारी पुन्हा लावू. कोणी ऐकलं नाही. गाडीत बसताना भार्गवी म्हणाली, बाबा, फोन कराल ना? मी रागात होतो. म्हणालो, तुझी ती झिंबाब्वेची टीम घरच्या मैदानावर टेस्ट जिंकेल त्या दिवशी करीन. तोवर तूही करायचा नाहीस आणि या घरात तुझं नाव कोणी काढायचं नाही.

२०१३ नंतर ते घरी एकही टेस्ट जिंकलेले नाहीत, हे मला नंतर कळलं.

मी आठवी नापास असलो तरी शब्द फिरवणारा नाही. तिला मुलगी झाली, सई. आता तीन वर्षांची. हे कानावर आलं, पाहिली नाही. पण आयर्लंड म्हणजे काही फार मोठी टीम नव्हे. सोमवारपर्यंत फोन. नक्की.

१० फेब्रुवारी.
त्रेसष्ट रनांनी हरले. मोबाइलवर बुलावायोचा नंबर काढून ठेवला होता. शेवटची विकेट पडली आणि एकदम मोकळं वाटलं. म्हणजे वाईट वाटलं. फार.

महत्त्वाची गोष्ट राहिली. काल बाउंड्रीपलीकडे झाडाखाली पिवळी ओढणी दिसली. भार्गवीच. लहानपणापासून ती मान तिरकी करून बसते, तशीच. क्रिकेट तिला कधीच आवडलं नाही. म्हणजे माझ्यासाठी येते.

सौ. पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आहे. जानेवारीपासून दर महिन्याला दोन दिवस. सोबत नारळाचे लाडू, दोन डझन. डॉक्टर फी घेत नाही म्हणे. अशी माणसं आता राहिली नाहीत.

२३ एप्रिल.
सौ. स्वयंपाकघरातून पळत आली. अहो, जिंकले! मी चष्मा लावला. नीट पाहिलं. बांगलादेशात जिंकले होते. घरी नाही. तिला नियम समजावून सांगितला. ती म्हणाली, नियम केला कोणी? मी. मग बदला. मी म्हणालो, असे नियम बदलत गेलो तर क्रिकेट राहील का? ती म्हणाली, क्रिकेटचं राहू द्या, माणसं राहतील का ते बघा. आणि भांडी आपटली. डोळ्यांच्या औषधाने चिडचिड वाढते, असं दिसतं.

तयारीत असावं म्हणून फोनवर बोलायचे मुद्दे कागदावर काढले. १) कशी आहेस. २) तिकडचं पाऊसपाणी. ३) सई. ४) हा सर्वांत महत्त्वाचा आहे. सुचला की लिहितो.

१ जुलै.
तीनशे अठ्ठावीस रनांनी हरले. दक्षिण आफ्रिका.
मासेमारी बंद आहे, त्यामुळे कोळीवाड्यातला सदा रोज दुपारी ओटीवर येऊन बसतो. होडी किनाऱ्याला, त्याला काम नाही. माझ्या मोबाइलवर मॅच अडकते, त्याच्यावर चालते. पिवळी ओढणी आजही होती. सदाला दाखवली. म्हणाला, "काका, ती ओरनी न्हाय, ती ताडपत्री हाय." सदाला समुद्रावरचं लांबचं दिसतं. जवळचं दिसत नाही.

भार्गवी बारीक झाली आहे. जावई वेळेवर जेवू देत नसावेत.

८ जुलै.
एक डाव आणि दोनशे छत्तीस रनांनी हरले. समोरच्या एकट्या माणसाने तीनशे सदुसष्ट केले आणि दया येऊन स्वतःच थांबला. सदा म्हणाला, "ही टीम न्हाय काका, हे सुकत घातलेले बोंबील हायत. येतो तो परतून जातो." मी त्याला चहा दिला नाही. मग दिला. मोबाइल त्याचा आहे.

सौ. पनवेलहून आली. पदराला जांभळा खडू लागलेला. विचारलं तर म्हणाली, रंग ओळखायला लावतात. तपासणी सखोल आहे. येताना गुणगुणत होती. नजर सुधारतेय.

९ ऑगस्ट.
एक डाव आणि तीनशे एकोणसाठ. न्यूझीलंड. मागच्या आठवड्यातही त्यांच्याकडूनच हरले होते, पण ते मी लिहिलं नाही, कारण पेनातली शाई.

काल नारळी पौर्णिमा. सदा दर्याला नारळ द्यायला निघाला तेव्हा वाडीतला एक चांगला नारळ मीही दिला. म्हटलं, झिंबाब्वेच्या नावाने सोड. संध्याकाळी स्कोअर पाहिला, न्यूझीलंड तीन बाद सहाशे एक. सदा म्हणाला, "दर्याला पन झेपला न्हाय काका."

रात्री विचार आला, ड्रॉसुद्धा चालेल असं ठरवावं का. लगेच झटकला. शब्द म्हणजे शब्द. शिवाय ते ड्रॉही करत नाहीत.

२० ऑक्टोबर. नरकचतुर्दशी.
अभ्यंगस्नान एकट्याने. सौ. कालच पनवेलला गेली, चकलीचा डबा घेऊन. भाऊबीज करूनच येणार. दिवाळीतही दवाखाना उघडा! निघताना म्हणाली, "चला ना तुम्हीही. तुमचेही डोळे दाखवून आणू." मी म्हणालो, माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. समुद्रापलीकडची मुलगी मी गर्दीतून ओळखतो. तिने डबा उचलला. मग एसटी आली.

आजपासून हरारेला टेस्ट, अफगाणिस्तानशी. पहिल्याच दिवशी त्यांना एकशे सत्तावीसमध्ये गुंडाळलं. आणि स्टँडमध्ये पिवळी ओढणी! बुलावायोहून हरारे म्हणजे रात्रभर बस. तीन वर्षांच्या पोरीला घेऊन. मला जेवण गेलं नाही.

मुद्द्यांचा कागद देवघरात ठेवला.

२२ ऑक्टोबर. पाडवा.
जिंकले. एक डाव आणि त्र्याहत्तर रनांनी. घरी. तीन दिवसांत.

सदाने अंगणात लवंगी माळ लावली. मी म्हणालो, आज पाडवा आहे, लोक घाईत असतील, उद्या करू फोन. सदा म्हणाला, "काका, आता ओटीवरून उठलात तं बगा."

सव्वासहा वाजता चष्मा पुसला. देवघरात कागद सापडला नाही. तसाच नंबर लावला. एक बाई इंग्रजीत बोलली. मी हॅलो म्हणालो. तिने तेच पुन्हा सांगितलं. सदाने कान लावला. म्हणाला, नंबर बंद हाय.

नवा नंबर सौ.कडे असणार, म्हणून तिच्या मोबाइलवर लावला. लहान मुलीने उचलला. डॉक्टरांची असेल. म्हणाली, आजी रांगोळी काढतेय, तुम्ही कोण? मी म्हणालो, यज्ञेश्वर. तिने ओरडून सांगितलं, "आई, यज्ञेश्वर आलाय!"

मग आवाज आला. बाबा?

मी म्हणालो, जिंकले.

ती म्हणाली, कोण?

झिंबाब्वे. घरच्या मैदानावर.

ती हळूच म्हणाली, बाबा, आम्ही जानेवारीतच परत आलो. पनवेलला असतो. तुमची तब्येत बरी आहे ना? कोण जिंकलं म्हणालात? तिला माझं ते वाक्यच आठवत नव्हतं. तिला वाटत होतं, मी नुसता रागावलोय. म्हणाली, कधी येताय? मागून ती छोटी विचारत होती, यज्ञेश्वर लाडू आणेल का. तेवढ्यात फोन बंद पडला. रेंज गेली.

सदा म्हणतो, लाल बटन तुमीच दाबलात. मी वर लिहिलंच आहे, त्याला जवळचं दिसत नाही.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज.
सकाळी सौ.चा फोन. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात नाव काढायचं नाही. नाही काढलं." अख्ख्या दिवेआगरला माहीत होतं. सदालासुद्धा. डॉक्टर नव्हताच. तिच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. तिच्या.

विचार केला. फोन करायचा शब्द दिला होता, तो पाळला. त्यात पुढे काय बोलायचं हे नव्हतं. शनिवारी पनवेलची पहिली एसटी धरायची असं ठरवलं आहे. शनिवारी दिवाळीची गर्दी असेल. मग सोमवारी. लाडूंना नारळ सोलून ठेवले. लाडू मला येत नाहीत.

मुद्द्यांचा कागद पंचांगात सापडला. चौथा मुद्दा आता सुचला आहे, पण कागदावर जागा उरलेली नाही.

परत फोन करणं बरं दिसत नाही, कालच केला होता. आता पाळी तिची. मोबाइल चार्ज करून मांडीवर घेतला आहे. रेंज चार काड्या.

भार्गवी, बाकी सगळं सावकाश सांग. पण तुझ्याकडे पिवळी ओढणी आहे की नाही, एवढं लवकर कळव.