खारवेळचा तरंगता धक्का आणि मी लावलेली पाटी

कर्वेनगर, पुणे
रविवार

ती. यज्ञेश्वरमामा यांना ऋचाचा उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण हल्ली कुठेही आडवं होण्याआधी ती जागा जमिनीला जोडलेली आहे ना, हे मी बघते.) तुमचा गुडघा कसा आहे? पोहण्याच्या तलावाच्या काठावरून पोरांवर ओरडणं डॉक्टरांनी बंद केलं होतं, ते तुम्ही पुन्हा सुरू केल्याचं कळलं. म्हणजे गुडघा बरा असावा.

पत्राचं कारण असं, की शर्मिलामामी खारवेळच्या सहलीहून परतल्यापासून कोथरूडभर सांगते आहे : ‘आमची ऋचा त्या धक्क्यावर खडकासारखी उभी राहिली, म्हणून आम्ही वाचलो.’ यातलं ‘उभी राहिली’ एवढंच खरं आहे. बाकीची दुरुस्ती कुणाला तरी माहीत असावी म्हणून लिहिते. (फोन केला असता, पण तुमचा फोन मामीच उचलते.)

खारवेळ हे मासेमारीचं लहानसं बंदर. तिथे पर्यटकांचं मोठं जहाज पहिल्यांदाच येणार होतं. बंदरात पाणी उथळ, म्हणून जहाज बाहेर नांगरायचं आणि लोकांना छोट्या बोटींतून आणून एका तरंगत्या धक्क्यावर उतरवायचं, असं ठरलं. त्या धक्क्याची आकडेमोड माझी. तुम्ही नवशिक्यांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधता ना, तेच तत्त्व. फक्त आमच्या डब्यावर माणसं उभी राहतात. ती पसरून उभी राहिली तर काही होत नाही. सगळी एका कडेला आली तर ती कड पाण्याखाली जाते आणि माणसं तिच्यामागून. म्हणून मी पाटी करून घेतली : ‘एका वेळी साठ माणसे. कडेला गर्दी करू नये.’ बोटीतून उतरताच दिसावी म्हणून ती समुद्राकडच्या कडेलाच लावली. ही जागा मी निवडली. दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

सकाळी जहाज दिसलं. कोथरूडमधली पुनर्विकासात उंच झालेली एखादी इमारत पाण्यावरून चालत यावी, तसं ते आलं आणि मी धक्क्याची आकडेमोड पुन्हा एकदा तपासली. गाव मात्र आनंदात होतं. तिथे नवी होडी बंदरात आली की तिची ओटी भरतात, समुद्राला नारळ देतात आणि त्या दिवशी बंदरात जे जे नवं असेल त्याला हार घालतात. जहाजापर्यंत हात पोचेना, म्हणून त्यांनी छोट्या बोटींना घातले, बोटवाल्यांना घातले, मला घातला आणि पाटीलाही घातला. झेंडूचा, चांगला जाडजूड. त्यामुळे पाटीचा मधला भाग झाकला गेला आणि उरलं : ‘एका वेळी… करू नये.’ मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दशरथ यांना मी हार काढायला सांगितलं. ते म्हणाले, “पयल्या दिवशी हार काढत नसतात, ताई. अपशकुन व्हतो.” अपशकुनाची माझी व्याख्या वेगळी होती, पण बोटी निघाल्या होत्या.

आता जहाजावर कोण होतं ते ऐका. निम्मं कोथरूड आणि उरलेली नारायण पेठ. पहिल्या बोटीतून रावसाहेब नावाचे एक गृहस्थ उतरले, पाटीपाशी थांबले आणि त्यांनी चष्मा बदलला. “काय करू नये?”

“अहो, पुढे सरका,” मागचे म्हणाले.

“सरकतो. आधी काय करू नये ते कळू दे. नेमकं सरकूच नये असं असलं तर?”

हा मुद्दा सगळ्यांना पटला. दुसरी बोट आली, ती माणसं तिथेच थांबली. तिसरी आली. (अंगातली जीवरक्षक जाकिटं उतरताना बोटीत परत द्यायची होती. ती सगळ्यांनी शिस्तीत दिली.) मामी त्यांच्या मधोमध होती. ओटीचं ताट धक्क्यावर मध्यभागी ठेवलेलं होतं. त्यातला नारळ ताटाबाहेर आला आणि सावकाश, कुणीही न ढकलता, समुद्राकडे घरंगळू लागला.

मला फक्त “मागे व्हा” एवढं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी दोन्ही हातांनी माझ्यामागचा कठडा धरला. कडेवरून पाणी आत आलं, रावसाहेबांच्या चपला भिजल्या आणि पाटी कोरड्या जागी लावायला हवी होती, असं त्यांनी मत दिलं. मला मात्र हिरवं पाणी आणि त्यावर वाकलेला मामीचा अंबाडा, एवढंच दिसत होतं. खाली किती खोल आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं, आणि त्याने धीर येत नाही.

तेवढ्यात दशरथ किनाऱ्याकडच्या टोकावरून ओरडले, “सोलकढी हिकडं हाय! फुकट!” हेतू चांगला होता. सगळे एकदम वळून धावले. धक्का सरळ झाला, तिथे न थांबता दुसऱ्या बाजूला कलला, साखळ्या करकरल्या आणि नारळ परत माझ्या पायाशी आला.

तेव्हा मामीचा आवाज आला. “जागच्या जागी उभे राहा! एक हात अंतर घे!”

शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाईचा आवाज तो. रावसाहेबांसकट सगळ्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून अंतर घेतलं. धक्का डुलला, डुलला आणि थांबला. वाचवलं ते मामीने.

मी खडकासारखी नव्हते, खडकाला चिकटलेल्या कालवासारखी होते. सगळ्यांची सोलकढी पिऊन झाली तरी माझी बोटं कठड्यावरून सुटेनात. शेवटी दोन कोळणींनी ती एकेक करून सोडवली. “हात बघ गो किती गार पडलेत बाईचे,” त्यांतली एक म्हणाली. मामीला लांबून वाटलं, माझा सत्कार चाललाय.

मामीला माझा नमस्कार सांगा. हे पत्र मात्र दाखवू नका. बाकी सगळं जमिनीवर आहे.

तुमची भाची,
ऋचा

ता. क. : पाटी आता किनाऱ्यावर हलवली आहे. गावाने तिला नव्या जागी आली म्हणून पुन्हा हार घातला.

ता. क. २ : आमचे साहेब तुमच्याच सोसायटीत राहतात. ‘खडकासारखी’ त्यांच्या कानावर गेलं. पुढचं जहाज दिवाळीनंतर येणार आहे. त्या वेळी जहाजापासून धक्क्यापर्यंत बोटीतून ये-जा करायला धीराचं माणूस हवं, म्हणून त्यांनी मला नेमलं आहे.

ता. क. ३ : मामा, मला पोहता येत नाही. ऑफिसात कुणाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे, कारण अर्ध्या पुण्याला तुम्ही शिकवलंत आणि मी काठावर टॉवेल धरून बसायचे. दिवाळीच्या आत शिकवाल का? डबा पाठीच्या मधोमध बांधा, आणि घट्ट. खोल बाजूला जी पाटी आहे, ती तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. वाचायला मी जवळ जाणार नाही.