यालिनीचे कान

बँकॉक

अक्का,

पाया पडतो. मी बरा आहे आणि तूही बरी असशील, असंच धरून चाललोय.

कोठडीत दोन वेळा भात मिळतो. गर्दीमुळे कुशीवरच झोपावं लागतं, पण झोप लागते. खोकलाही कमी आहे.

यालिनीचे कान अजून टोचले नाहीस म्हणे! मी आत आलो तेव्हा ती पाळण्यात होती, आता शाळेत जाते. मामाच्याच मांडीवर बसवायचं, हा काय हट्ट तुझा?

अक्का, आश्रयाचं शेवटचं अपीलही फेटाळलं. "श्रीलंकेतलं युद्ध संपलं, घरी जा," म्हणतात. परत जातो म्हणून सही केली, तर लगेच विमानात बसवतील. पण तिथे उतरल्यावर मला न्यायला कोण उभं असेल, हे तुला ठाऊक आहे. ते लोक अजून घरी चौकशीला येतात का? खरं लिही.

तेव्हा आता थांबू नकोस. आपल्या चुलतभावाच्या, तवराजाच्या मांडीवर बसव तिला; तोही तिचा मामाच. घट्ट धर म्हणावं, तुझ्यावर गेली असेल तर लाथा झाडेल.

मामा कुठंय असं विचारलं, तर हॉटेलात कामाला आहे, हेच सांगत राहा. मालक रजा देत नाही म्हणावं.

तुझा धाकटा,
कदिरवेल