माझं उपजत दिशाज्ञान

३ मार्च
स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: गाडीतलं सोळा खणांचं कपाट, खिळा एकही नाही. वजनं ठेवायची मखमली पेटी. हिच्या सीटखाली पाय टेकायचं स्टूल. आणि आजपासून डॅशबोर्डवर होकायंत्र. कुणी शिकवलं नाही. वजनकाटे दुरुस्त करायला तरी कुणी शिकवलं होतं?
संकल्प: उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे वेळेवर. मुलीने फोनमध्ये नकाशा घालून दिलाय. त्यातली बाई सारखी 'वळा' म्हणते. शेजारी एक बसलेली असताना दुसरी कशाला?

४ मार्च
होकायंत्राची सुई दिवसभर रेडिओच्या स्पीकरकडे. पर्यायाने आम्हीही. बेकरीचा काटा राहिला. रेडिओ काढून टाकला.

११ मार्च
ही हल्ली वळण उशिरा सांगते. म्हणजे वळण मागे गेल्यावर. वर मलाच विचारते, पाटीवर काय लिहिलंय? लक्ष म्हणून नाही. तशी इतकी वर्षं ती हवा खायलाच सोबत येते, रस्ते माझे मला पाठ आहेत. तरी दोन शब्द सुनावले. मग ती गप्प बसली, आणि पाण्याच्या टाकीपाशी रस्ताच संपला. नगरपालिकेचा ढिसाळ कारभार.

१९ मार्च
सकाळी मुलीचा फोन. आईच्या एका डोळ्यापुढे पडदा आलाय, आजच डॉक्टरकडे न्या, ती तुम्हाला सांगायची नाही. मी येऊ का, असंही विचारलं. रस्ता मला माहीत आहे, म्हणालो.
वाटेत औषधाच्या दुकानातला काटा केला. दोन ग्रॅमचा फरक होता, चुटकीसरशी काढला. तिथून दवाखाना सरळ. सरळच गेलो. पाचच्या सुमाराला डोंगर दिसायला लागला.
परतलो तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर आठवडाभर परगावी. ही म्हणाली, पोरीला कळवू नका, उगीच ओरडेल.

२७ मार्च
वेळेच्या आधी पोचलो. मुलगी चालवत होती.
डॉक्टरांनी मशीनमधून दोन्ही डोळे बघितले. मग म्हणाले, डोळ्यातला पडदा सुटलाय. त्या दिवशी आला असतात तर वाचवता आला असता. आता हा डोळा गेला. दुसऱ्याची नजरही उतरत चाललीय, त्याचा भरवसा देता येत नाही.
मुलगी माझ्याकडे वळली. मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "यांच्याकडे बघू नकोस. त्या दिवशी रस्ता खोदला होता."
रस्ता खोदलेला नव्हता. पण रस्त्यावर हिची नजर माझ्यापेक्षा पक्की. खोदला असेल.

९ एप्रिल
ही पुन्हा शेजारी. नवीन पद्धत: मी पाट्या मोठ्याने वाचायच्या, मग ती वळण सांगते. उत्तम जमतंय. आज तीन काटे ठरले होते. एक झाला. मधे एका चौकात ती म्हणाली, "अहो, जरा थांबा. इथे पिवळी इमारत होती ना?" आहे, म्हणालो. करडी होती.

१४ एप्रिल
काट्यांच्या दुकानाच्या मालकाने बोलावलं. खुर्ची दिली तेव्हाच ओळखलं. गिऱ्हाइकं तक्रार करतात म्हणाला, तुमच्या हाताबद्दल नाही, पोचण्याबद्दल. गाडी दुसऱ्या माणसाला देऊ, तुम्ही दुकानात बसून काटे दुरुस्त करा. खिडकीजवळचं टेबल, वर पंखा. मी विचारलं, मग ही दिवसभर घरी एकटी काय करणार?
"आणि गाडीत काय करतात त्या?"
"रस्ता दाखवते."
तो टेबलावरची काच पुसत बसला.
नको म्हणून सांगून आलो. बसून काम होतं, महिना साडेअठरा हजार.