हो असेल तर एकदा खोक

१२ जानेवारी

भरला बाई अर्ज! खारूचा तर भरलाच – माझाही! या वयात!

"आत्या, पंचावन्नपर्यंत चालतं. तू अजून बसतेस. चल ना सोबतीला, एकटीला धडधडतं." दादाची ही एकुलती एक पोर. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून मीच तिला खारूताई म्हणायला लागले. आता अख्खी गल्ली खारू म्हणते. पोलिसात जायचं वेड जुनं. शिपाई व्हायला उंची दोन बोटं कमी पडली. त्या वर्षी मी तिला रोज दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावत असे. चौकट ढिली झाली, पोर काही वाढली नाही! आता ही जागा निघाली आहे – पोलिसांच्या मदत-कक्षात फोन घ्यायची. कोणी अडचणीतून फोन केला की ऐकायचं, विचारायचं, गाडी पाठवायची. उंची लागत नाही. आधी लेखी, मग मुलाखत.

अर्ज तिनेच भरले, तिच्याच फोनवरून. मी नुसती सही केली. तीही चौकटीबाहेर गेली.

दादा म्हणतो, "एका घरात दोन-दोन पोलीस! मी आता चोरून साखर खायची कुठे?"

२० जानेवारी

दिशांची गणितं. एक माणूस उत्तरेला चालतो, उजवीकडे वळतो, परत डावीकडे वळतो – तर तो घरापासून किती लांब?

मी म्हटलं, "अगं, त्याची घरी कोणी वाट बघत नाही का?"

खारू हसून लोळली. मग मला स्वयंपाकघरात उभं करून वळवलं. "उत्तर म्हणजे खिडकी. आता उजवीकडे." मी वळले ती थेट वहिनीवर. तिच्या हातात उकळता चहा! वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमची परीक्षा होईपर्यंत मी बाहेर राहायला जाऊ का?"

चष्म्याच्या दुकानात कामाला काचा घासताना मनातल्या मनात वळत असते. चष्मेवाल्यांनी विचारलं, मान का हलवतेस? म्हटलं, आखडली.

२ फेब्रुवारी

आज शेवटचा भाग घेतला. त्यात गणित नाही, नुसती वाक्यं. पुढे हो किंवा नाही.

मी कधीच खोटं बोललेले नाही. मला कधीच कोणाचा राग येत नाही. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतलेली नाही.

खारू पेन्सिल चावत बसली. "आत्या, खोटं तर मी बोलते. मागच्याच आठवड्यात आईला सांगितलं, बस चुकली."

मी म्हटलं, "अगं वेडे, पोलिसात जायचंय तुला! हो, मी खोटं बोलते, असं स्वतःच्या हाताने लिहून देणार? पायावर धोंडा पाडून घ्यायचा का? चांगलं तेवढंच लिही."

"सगळीकडे?"

"सगळीकडे!"

तिने मग सगळीकडे चांगलं लिहिलं. मला माझंच कौतुक वाटलं – शाळेत न जाता आलेलं शहाणपण! अक्षरं मी दुकानात डोळे तपासायच्या तक्त्यावर शिकले, वरच्या मोठ्यापासून खालच्या बारीकपर्यंत. शाळेची परीक्षा पुढे बाहेरून दिली, तीही पडत-धडपडत. पण माणसं ओळखता येतात, असं वाटतं मला.

८ फेब्रुवारी

मुलाखतीची तालीम. मी साहेब झाले. दादाचा कोट घातला.

"फोन आला. पलीकडे मुलगी नुसती रडते आहे, बोलत नाही. काय कराल?"

मला वाटलं म्हणेल, धीर देईन. ती म्हणाली, "बोलायला लावणारच नाही. शेजारी कोणी उभं असेल तर? मी म्हणेन – हो असेल तर एकदा खोक, नसेल तर गप्प राहा. मग विचारीन, घरात आहेस का? कोणी मारलंय का? दार आतून बंद आहे का?"

एवढीशी होती, माझ्या मांडीवर मावायची! म्हटलं, "साहेब खूष आहेत. पगार वाढवतील."

१६ फेब्रुवारी

झाली परीक्षा. दारावरचा पोरगा मला म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबा." मी ओळखपत्र दाखवलं तर बिचाऱ्याची कानशिलं लाल!

गणितं निम्मी आली असतील नसतील. तो उत्तरेकडे चालणारा माणूस होताच. या वेळी पोचवला त्याला घरी.

मग ती वाक्यं. डोळे थकले होते. म्हटलं, मला कोण घेतंय? सोबतीला आलेली मी. लिहिलं खरं-खरं. खोटं बोलले? बोलले. कोणाला मारावंसं वाटलं? वाटलं – वहिनीच्या भावाला, दर वेळी. न विचारता वस्तू घेतली? घेतली. जवळच्या माणसाचा हेवा वाटला? इथे थांबले. मग हो.

फार हलकं वाटलं. कोणी कधी असलं काही विचारतच नाही मला.

खारू बाहेर आली ती उड्या मारत. "आत्या, तू सांगितलंस तस्संच! सगळं चांगलं!"

१७ फेब्रुवारी

मान खरंच आखडली. खोट्याला पाय फुटले.

९ मार्च

निकाल. खारूचा नंबर नाही.

तिने फोनवर यादी वर-खाली, वर-खाली केली. मग फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला बसली. आज तिची पाळीही नव्हती.

माझा नंबर कोणी विचारला नाही. मीही नाही. दुपारी दुकानात चष्मेवाल्यांच्या फोनवर पाहिला.

आहे.

मुलाखत २२ तारखेला, तेही तिथेच लिहिलं होतं. आणि लिहू नये पण लिहिते – आधी आनंद झाला! खारूची आठवण नंतर आली. थोडी नंतर. पण नंतर.

घरी येऊन तोंड उघडलं नाही.

१० मार्च

खारू आज कचेरीत जाऊन विचारून आली. जेवताना सांगितलं. गणितात पहिल्या दहांत होती! पडली ती हो-नाहीत. तिथल्या बाबूने समजावलं म्हणे – ती वाक्यं मुद्दाम पेरलेली असतात. सगळंच चांगलं लिहिणारा खोटं लिहितो, असं धरतात. "इतकी चांगली माणसं नसतात, ताई," म्हणाला.

दादा म्हणाला, "पण तुला असं लिहायला सांगितलं कोणी?"

मी पोळ्या वाढायला उठले.

खारू म्हणाली, "कोणी नाही. माझीच अक्कल."

ताटातून मान वर केली नाही तिने. माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. दादा ओरडला असता, मी रडले असते, संपलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार हा! आणि बुक्क्या कोणी मारतही नाही.

११ मार्च

तिला सोंग शिकवलं, स्वतः खरं लिहून आले. मुद्दाम नाही केलं. देवाशपथ नाही. पण ती पडली आणि मी पास झाले. न्यायाधीश असते तर मीच मला विचारलं असतं, बाई, हे कसं?

जाणार नाही मुलाखतीला. ठरलं.

१४ मार्च

वहिनीचं सुरू झालं. "झाली ना हौस? आता मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसेल. तिकडेच राहील." मामा म्हणजे तोच, ज्याला मारावंसं वाटतं. त्याचं गाव लांब. खारूने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मीठ शोधू लागले. मीठ समोरच होतं.

१५ मार्च

मला ती खुर्ची हवी आहे.

लिहिलं. आता पान फाडणार नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या डोळ्यांच्या काचा घासल्या. नाकात धूळ, बोटांना चिरा. भावाच्या घरात प्रेमाची आहे, पण आहे ती कडेची. कोणी अडल्यावर फोन करील आणि पलीकडे मी असेन! "बोल बाई, मी आहे." असं म्हणायचंय मला. पोरीच्या आधी मला म्हणायचंय. हेवा वाटला का? हो. तिचाच.

काय बाई मी!

२१ मार्च

घरी सांगितलं, उद्या चष्मेवाले मला काचा आणायला घाऊक बाजारात पाठवताहेत. दादा म्हणाला, "डबा घेऊन जा." चोराच्या मनात चांदणं – डबा म्हणाला तरी दचकले.

संध्याकाळी पाहते तर माझ्या चपलेचा तुटका अंगठा शिवलेला! खारू म्हणाली, "लांब जायचंय ना उद्या. अर्ध्या वाटेत तुटली असती."

इतकी माया करू नये कोणी कोणावर.

२२ मार्च

वाटेत ठरवलं होतं, आत गेल्या गेल्या सांगायचं – माझ्या भाचीला परत एकदा बघा, चूक माझी आहे. वाक्य पाठ केलं होतं.

आत तिघं. मधे अधिकारीण, केस करडे, चष्मा नाकावर घसरलेला. मला आधी दांडीचा स्क्रूच दिसला.

तिने कागद पाहिला. "जवळच्या माणसाचा हेवा वाटतो, लिहिलंय. कोणाचा?"

आता सांग! हीच वेळ!

म्हटलं, "शेजारणीचा. तिचं घर मोठं आहे."

शेजारीण बिचारी एका खोलीत राहते.

मग दुसऱ्याने विचारलं, फोन आला, पलीकडे कोणी नुसतं रडतंय, तर? आणि माझ्या तोंडून सरळ खारू बाहेर पडली. "म्हणेन, हो असेल तर एकदा खोक..." शेवटपर्यंत. दार आतून बंद आहे का, तेसुद्धा.

तिसरा, जो मान वर करत नव्हता, त्याने केली. अधिकारीण म्हणाली, "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

म्हटलं, "सुचलं."

सुचलं!

घरी आले. खारू दारातच. "कशी झाली – खरेदी?"

"माल नव्हता."

"बरं," म्हणाली. पाणी आणून दिलं.

२३ मार्च

परीक्षेत खरं बोलून पास झाले, तोंडाने खोटं बोलून आले. पोरीची जागा थोडी होती म्हणून तिचं उत्तरही उचललं. तिला कोणी हा प्रश्न आता विचारणार नाही. विचारला असता तर ते उत्तर तिचं होतं.

३० मार्च

मामाचं पत्र आलं – पंधरवड्याने पाठवा. खारूने पेटी माळ्यावरून काढली. मी धूळ पुसून दिली. काय करणार? तेवढंच येतं, पुसायला.

६ एप्रिल

जेवायला बसलो होतो. खारूचा फोन वाजला. तिने निरोप वाचला, आणि मोठ्याने वाचला. माझं नाव. निवड झाली.

दादाचा हात तसाच वर. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही?"

मी म्हटलं, "तुझ्या फोनवर कसा आला?"

"अर्ज मीच नाही का भरला? नंबर माझाच होता. मुलाखतीचाही मलाच आला होता, आत्या. नऊ तारखेलाच."

सगळं माहीत होतं! चप्पल. पाणी. खरेदी.

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. रोज ताटं घेताना वाटायचं, आज सांगशील." मग म्हणाली, "अजून काही राहिलंय का सांगायचं?"

मी मान खाली घातली. ती उठून गेली.

राहिलंय. रडणाऱ्या मुलीचं उत्तर. तेवढं एकच तिला माहीत नाही, आणि तेच तिचं होतं. ते ऐकल्यावर ती पेटी भरील की माझ्याकडे बघेल, मला ठाऊक नाही. उद्या त्या अधिकारिणीकडेही जाईन. शेजारणीचं घर किती खोल्यांचं आहे ते सांगीन. पण आधी घरात.

खारूचं दार लोटलेलं आहे. बोलता येईल असं वाटत नाही.

उठते. दाराशी जाऊन एकदा खोकते.