नातीच्या कानाने निवडलेल्या पाट्या

बाबा,

चिऊचा डोळा लागलाय, तेवढ्यात लिहिते. मी आणि हे, आम्ही दोघं छपरावर चाललोय. खालच्या ओळींच्या जाड दगडी पाट्या आज बसतील. वरच्या ओळींसाठीच्या पातळ पाट्या ओट्यावर आहेत, त्या ठोकून, आवाज ऐकून तुम्हीच निवडा.

काल तडा गेलेली पाटी तुम्ही चांगली म्हणून दिलीत आणि मी सगळ्यांदेखत बोलले. चुकलंच माझं. "कान गेले, आता हातोडी खुंटीला," असं म्हणून तुम्ही उठलात, तेव्हापासून घास गोड लागत नाही.

पण आज सकाळी गंमतच झाली! मी एक पाटी ठोकली, ती खणकन वाजली आणि तुमची नात खुदकन हसली. मग तडा गेलेली ठोकली. ती बद्द वाजली, तर बाईसाहेबांनी तोंडच फिरवलं. बारा पाट्या वाजवल्या, एकदाही चुकली नाही.

तेव्हा उठली की तिला मांडीवर घ्या. तुम्ही ठोका, ती ऐकेल. कुणाला सांगायची गरज नाही. हातोडी खुंटीवरून काढून तुमच्या खुर्चीवर ठेवलीये.

संध्याकाळी पाट्या न्यायला येते. तुम्ही निवडलेल्या मी पुन्हा वाजवून बघणार नाही.

तुमची सून